पहिल्या घासाबरोबरची कॅप्सूल

श्रीमोहिनीराजाच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहावयास बसलो आहे. ज्या दैवताने देवदानवांच्या पंक्तीत हाती कलश घेऊन वाढण्याचे काम पत्करले, त्या दैवताच्या गावी, नेवाशास, माझे उभे आयुष्य गेले. शाळेत संस्कृत शिकविले, यजमानांच्या घरी पूजाअर्चा सांगितली, आणि रोज दोन वेळा ताटापुढे बसून अन्नाला नमस्कार केला. परंतु खाल्लेले अन्न अंगी लागणे ही एक वेगळीच कृपा आहे, ती वाढणाऱ्याच्या हाती नसते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळले.

निमित्त सांगतो. गेल्या पंधरवड्यात तपासणीसाठी नगरला गेलो होतो. त्या शहरास आता अहिल्यानगर म्हणावयाचे. नाव पुण्यश्लोक आहे, परंतु जुनी जीभ अजून ‘नगर’च म्हणते, तिला वाचकांनी क्षमा करावी. वजनकाट्यावर उभा राहिलो आणि काटा अठ्ठावन्नावर थांबला. वर्षापूर्वी तोच काटा बेचाळीसवर थांबला होता. डॉक्टरीणबाईंनी आकडा वहीत लिहिला, लेखणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुमच्यासारखी माणसं औषध घेत नाहीत, आणि घेत नाही हे सांगतही नाहीत. आम्ही आपले मात्रा वाढवत बसतो. तुम्ही लिहा हे सगळं. माझं नाही ऐकणार ती, तुमचं ऐकतील.”

ज्यांच्या उपचाराने प्राण वाचले त्यांची आज्ञा मोडवत नाही. म्हणून लिहितो. जे घडले ते झाकून ठेवणार नाही. झाकण्याचे फळ मी चांगलेच भोगले आहे.

दारूची चौकशी

द्वादशीचा दिवस होता. उपवास सोडून हात धुतले आणि पोटाच्या वरच्या भागी असे काही उठले की मी ओटीवरच्या खांबाला धरून खाली बसलो. दुखणे पोटातून थेट पाठीत जात होते, तापलेला पट्टा कोणी अंगाभोवती आवळावा तसे. चिरंजीव श्रीधर सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीस आहे. त्याला फोन गेला. तो येईपर्यंत शेजाऱ्यांनी मला गाडीत घातले होते.

नगरच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरांनी माझे पोट दाबून पाहिले आणि विचारले, “आजोबा, दारू किती वर्षांपासून घेता?”

वेदना एवढी होती की मला नाही म्हणण्याचेही भान राहिले नाही. उत्तर आमच्या घरातून आले. माझी पत्नी इंदिरा उशाशी उभी होती. ती म्हणाली, “अहो डॉक्टर, यांनी जन्मात उसाचा रससुद्धा बर्फ घालून घेतला नाही. दारू कसली विचारता?”

“विचारावंच लागतं आजी. हे दुखणं बहुतेकांना त्यानेच होतं.”

“मग त्या बहुतेकांत आम्ही नाही,” ती म्हणाली.

आज हसू येते. त्या दिवशी मात्र दुखण्यापेक्षा तो प्रश्न अधिक झोंबला. एवढी वर्षे सोवळे सांभाळले, आणि शेवटी मद्यप्यांच्या रांगेत आडवा झालो! पुढे तपासणीत कळले की पित्ताशयातला एक खडा वाट चुकून भलत्याच नळीत जाऊन बसला होता आणि त्याने स्वादुपिंड नावाचे इंद्रिय भाजून काढले होते. जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या माणसाने हा शब्द प्रथम ऐकला तो स्ट्रेचरवर निजून.

त्या खेपेस जवळजवळ तीन आठवडे तेथे काढले. ते सविस्तर लिहीत नाही. एवढेच सांगतो की रुग्णालयात काळ घड्याळाने चालत नाही. फिनेलच्या वासाने सकाळ होते, चहाच्या गाडीच्या चाकांच्या खडखडाटाने दुपार उतरते, आणि मध्ये केव्हातरी कोणीतरी येऊन दंडाला पट्टा गुंडाळते. मला भय वाटत होते. गीर्वाणवाणीत वैराग्य शिकविलेल्या माणसाला मरणाचे भय वाटावे, याची लाजही वाटत होती. दोन्ही सोबतच असत.

लेबल नसलेली बाटली

दुखणे शमले. घरी आलो. खाऊ लागलो, आणि वाळू लागलो.

मऊ भात, वरण, भाकरीचा पापुद्रा, ताक, सर्व घेत होतो. पोटात जात होते, पण अंगी काही लागत नव्हते. जसे जात होते तसेच बाहेर पडत होते. त्याचे वर्णन सभ्य माणसाने करू नये, परंतु ज्यांना हा आजार आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की अन्न पचविणारा रस जेथे तयार होतो ती जागाच आता निकामी झाली आहे. तो रस बाहेरून घ्यावा लागेल. कॅप्सूल असते, ती प्रत्येक जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावयाची, जन्मभर.

“गिळायची, गुरुजी. दाताखाली आणायची नाही,” त्यांनी बजावले.

कॅप्सूल श्रीधरने आणल्या. त्या एका साध्या काचेच्या बाटलीत होत्या, वर कागद नव्हता, नाव नव्हते. मी विचारले, तर म्हणाला, “मूळची डबी गाडीत फुटली, अण्णा.” मी आणखी काही विचारले नाही.

आता माझा अपराध सांगतो. पूर्वी केव्हातरी एका औषधांच्या दुकानात मी ऐकले होते की कॅप्सूलचे वरचे टरफल जनावरांची हाडे आणि कातडी उकळून करतात. ते डोक्यात राहिले होते. डॉक्टरीणबाईंना विचारणे सोपे होते. परंतु विचारले असते तर उत्तर आले असते, आणि उत्तर आले असते तर निर्णय करावा लागला असता. म्हणून विचारले नाही. मनाशी ठरविले, टरफल तेवढे टाकावयाचे.

माझ्या वडिलांना वैद्यकीचे थोडे ज्ञान होते. त्यांचा दगडी खल घरात होता. जेवणापूर्वी मी देवघरात जाई, कॅप्सूल अलगद उघडी, टरफल कागदात गुंडाळून परसातल्या कुंपणापलीकडे टाकी, आतले बारीक दाणे खलात घेई, त्यावर मध घाली, आणि वडील मात्रा उगाळीत तसे चांगले एकजीव होईपर्यंत घोटी. मग ते चाटण जिभेवर घेऊन पानावर बसे. दाणे भरड राहिले तर गुण कमी येतो, अशी माझी समजूत; म्हणून जितके बारीक करता येतील तितके करीत असे. इंदिरेस वाटे, हे देवघरात प्रार्थना करतात. एक प्रकारे करीतही होतो.

चार महिने हे चालले. वजन उतरतच गेले. पायांवर सूज आली. डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूलची मात्रा वाढविली. मी अधिक कॅप्सूल घोटू लागलो. मग तोंड आले. हिरड्या, जीभ, गालांची आतली बाजू, सर्वत्र फोड. पाणी लागले तरी डोळ्यांत पाणी येई. सकाळचा स्तोत्रांचा पाठ बंद पडला. एकेका अक्षराला जीभ जेथे टेकावयाची तेथे टेकत नव्हती. मुंज झाल्यापासून ज्वरातही न चुकलेला नेम तोंडाच्या फोडांनी मोडला, आणि मला प्रथमच वाटले की आता आपण जाणार.

शेजारची खाट

पुन्हा नगर, पुन्हा तेच रुग्णालय. या वेळी शेजारच्या खाटेवर श्रीगोंद्याकडचे एक बागायतदार होते, बबनराव. धिप्पाड देह, पण आता कातडे लोंबत असलेला. त्यांचेही दुखणे माझेच, कारण मात्र त्या तरुण डॉक्टरांनी मला विचारलेले. हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच सांगून टाकले.

“गुरुजी, तुमी कशानं आलात हितं?”

“पित्ताच्या खड्याने.”

“बगा! आमी साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या पैल्या टिपरूपासनं शेवटच्या टिपरूपर्यंत पीत बसलो, तवा आलो. तुमी फुकटात आलात.” मग उसासा टाकून म्हणाले, “दारू गेली त्याचं काय न्हाई. पण मटान बी बंद केलंय डाक्टरीणबाईनं. तेल न्हाई, तर्री न्हाई. रविवारी घरात मसाला भाजला की मी गोठ्यात जाऊन बसतो. म्हस बी माज्याकडं कीव केल्यावानी बघती.”

वॉर्डात रूथ नावाच्या एक सिस्टर होत्या, पहिल्या खेपेपासूनच्या ओळखीच्या. नगरच्याच, ख्रिस्ती, रुग्णालयात पस्तीस वर्षे काढलेल्या. बोलणे कडक आणि हात मऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या औषधांची गाडी घेऊन आल्या, माझे तोंड उघडावयास लावून त्यांनी बॅटरीने आत पाहिले आणि थबकल्या.

“गुरुजी, कॅप्सूल चावून खाता काय?”

“नाही.”

“मग? हे फोड औषधाचे आहेत. आतले दाणे तोंडात फुटले की तोंडच पचवायला लागतात. खरं सांगा.”

श्रीधर खाटेशी उभा होता, हातात तांदळाच्या कण्हेरीचा थर्मास. इंदिरा पायाशी बसली होती. दोघांसमोर सांगावयाची लाज वाटली. पण सिस्टरांची बॅटरी अजून माझ्या तोंडाकडेच होती. मी टरफलांचे सांगितले, खलाचे सांगितले, मधाचे सांगितले.

सिस्टरांनी बॅटरी बंद केली. “अहो, त्या दाण्यांवर लेप असतो, पोटातल्या आम्लातून जिवंत पुढे जाण्यासाठी. तो घोटून घोटून तुम्ही काढलात. चार महिने तुमच्या पोटात औषध गेलंच नाही म्हणा ना!” आणि मग, काही रागाने, काही कौतुकाने, “टरफल जनावराचं म्हणून?”

“होय.”

तेव्हा शेजारून बबनराव बोलले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. ते आपली डबी हातात धरून मला धीर देत होते. “गुरुजी, टरफलाचं काय घेऊन बसलात? आतलाच माल डुकराचा हाय की. ह्ये बगा, डबीवर छापलंय, माज्या नातीनं वाचून दावलं. आमी मराठे गडी, सगळं खातो पर डुक्कर न्हाई. मला बाईनं मटान बंद केलं आन डुक्कर चालू केलं. आता बोला!”

वॉर्डात नेहमीचे आवाज चालू होते. मी श्रीधरकडे पाहिले. त्याने थर्मास खाली ठेवला होता आणि तो खिडकीकडे पाहत होता. डबी गाडीत फुटलेली नव्हती.

दोन लबाड्या

मला क्रोध आला हे मान्य करतो. पण क्रोध करण्यापुरतीही शक्ती अंगात नव्हती, म्हणून बोललो ते हळू बोललो.

“तुला माहीत होते.”

“हो, अण्णा.”

“आणि हिला?”

इंदिरा म्हणाली, “मलाही माहीत होतं. मीच त्याला कागद काढून टाक म्हटलं.”

“अण्णा, तुम्ही घेतली नसतीत,” श्रीधर म्हणाला.

“नसती घेतली.”

“मग आम्ही काय करायचं? तुम्हाला वाळताना बघत बसायचं?”

“तू मला नकार देण्याची संधी दिली नाहीस, म्हणून मला होकारही देता आला नाही,” मी म्हणालो. तो रडला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा थर्मासच्या झाकणाशी चाळा करीत रडतो, हे पाहणे सोपे नसते. आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलत होतो? त्याने माझ्यापासून गाभा लपविला, मी त्याच्यापासून टरफले लपविली. एकाच घरात, एकाच बाटलीभोवती आम्ही तिघे एकमेकांना सांभाळीत एकमेकांना फसवीत होतो; आणि त्यात जे टाकावयाचे म्हणून मी टाकले ते नुसते वेष्टन होते, आणि जे पवित्र म्हणून मधात घोटले तेच डुकराचे होते.

डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांना विचारले, जे चार महिन्यांपूर्वी विचारावयाचे होते ते. दुसरा मार्ग आहे काय? त्यांनी टाळाटाळ केली नाही. बुरशीपासून केलेल्या गोळ्या असतात, म्हणाल्या. परंतु तुमचे इंद्रिय जवळजवळ थांबले आहे, त्या गोळ्यांच्या भरवशावर तुम्हाला घरी पाठविण्याची माझी तयारी नाही. “आणि न घेतली तर?” मी विचारले. “तर तुम्ही पंचपक्वान्नं समोर ठेवून उपाशी मराल, गुरुजी. फार दिवस लागणार नाहीत.” मग म्हणाल्या, “मी जबरदस्ती करणार नाही. उद्या-परवापर्यंत सांगा.”

नेवाशास माझे एक गुरुबंधू आहेत, बालपणापासूनचे. आम्ही त्यांना दामूशास्त्री म्हणतो. त्यांना फोन लावला.

“औषध आहे ना? मग झालं,” ते म्हणाले. “आपत्काळ आहे. गोळीचं कूळ कशाला विचारतोस?”

“अरे, जन्मभर यजमानांना कूळ-गोत्र विचारूनच संकल्प सोडला. आता गोळीचे तेवढे विचारू नको म्हणतोस?”

“तू मेलास तर तुझं श्राद्ध मलाच सांगावं लागेल, आणि मला हल्ली गुडघे मोडून बसवत नाही. एवढं ध्यानात ठेव.” त्यांनी फोन ठेवला.

आपद्धर्माची वाट शास्त्राने मोकळी ठेवली आहे हे मला ठाऊक होते. तिने जाणे सोपे होते. अडचण अशी की त्या वाटेने जाताना ‘मी मांस घेतलेच नाही’ असे म्हणावयाची मुभा मनाला हवी होती, आणि ती मला घेववत नव्हती. एक जीव मारलेला आहे. तो माझ्यासाठी मारला नसेल, पण माझ्या मुखी येणार आहे, आणि तोही एकदा नव्हे, रोज दोनदा. त्याला दुसरे नाव दिल्याने तो जिवंत होत नाही. हा एक विचार. आणि दुसरा, तितकाच खरा: मला मरावयाचे नव्हते.

दोन दिवस मी या दोहोंच्या मध्ये पडून होतो. बबनरावांना ते दिसत होते. त्यांनी एकदाच तोंड घातले. “गुरुजी, ते जनावर मेलं ते काय तुमच्या नावानं न्हाई मेलं. पर तुमी मेला, तर ह्या आजीबाईच्या नावानं मेला. इचार करा.” आणि कूस पालटून निजले.

काट्यावरची बाई

निर्णय शास्त्राने झाला नाही, बबनरावांच्या बोलण्यानेही नाही. तो वजनकाट्यावर झाला.

सिस्टर रूथ दिवसाआड सकाळी काटा ओढीत आणीत. विचारात पडल्याच्या तिसऱ्या दिवशी मला चढविले, बेचाळीस. मला उतरताना तोल सावरता यावा म्हणून इंदिरेने हात दिला, आणि तिच्या बांगड्या मनगटावरून निसटून कोपरापर्यंत गेल्या. सिस्टरांनी ते पाहिले.

“आजी, तुम्ही पण चढा बघू.”

“मला काय धाड भरलीय? मला नको.”

“चढा म्हणते ना!”

काटा एकोणचाळीसवर थांबला. सिस्टरांनी भिंतीवर टांगलेली जुनी वही उघडली. माझ्या पहिल्या खेपेस त्यांनी गमतीने इंदिरेलाही काट्यावर उभे केले होते. तेव्हाचा आकडा होता एकोणपन्नास.

“आजी, तुम्हाला काय होतंय?”

“काही नाही होत.”

“जेवता ना?”

तिने बांगड्या पुन्हा मनगटावर ओढल्या. मग माझ्याकडे न पाहता सिस्टरांनाच म्हणाली, “आमच्याकडे हे उठले की मग मी बसते. लग्न झाल्यापासून तसंच आहे. हे पहिल्यासारखे जेवून उठायचे, तेव्हा मी पण जेवायचे. आता हे दोन घास घेतात आणि तोंड धरून उठतात. मग मला त्या पानावर बसून काय होतं? घास नुसता फिरतो तोंडात. पाणी पिते आणि उठते.”

मी खाटेवर बसलो होतो. इतके दिवस मी माझ्या व्रताचा विचार करीत होतो. माझे शुद्ध अन्न, माझा परलोक, माझा नेम. आणि माझ्या मागे, मी उठलेल्या पाटावर, एक माणूस रोज दोन वेळा माझ्यासाठी थोडे थोडे मरत होते. मी व्रत पाळतो असे मला वाटत होते; त्याची किंमत ती देत होती, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते.

मी सिस्टरांना म्हणालो, “दुपारच्या जेवणाबरोबर मला कॅप्सूल द्या. अखंड.”

सिस्टरांनी मान डोलावली. इंदिरा म्हणाली, “माझ्यासाठी म्हणून घेऊ नका. उद्या मला बोल लावाल.”

“तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी घेतो आहे. जगावयाचे आहे म्हणून,” मी म्हणालो. ते खरे होते, आणि बोलल्यावर हलके वाटले.

तिने डोळे पुसले आणि श्रीधरला म्हणाली, “यांच्या कण्हेरीत मीठ कमी आहे, खाली कँटीनला सांगून ये.”

दात न लावता

दुपारी रुग्णालयाचे ताट आले, वरण, भात, भोपळ्याची भाजी. मी खाटेवर मांडी घातली. आमच्याकडे जेवणापूर्वीचा विधी असतो: ताटाभोवती पाणी फिरवावयाचे, उजव्या बाजूस भाताची चार शिते देवांच्या व सर्व भूतमात्रांच्या नावे ठेवावयाची, तळहातावरचे पाणी प्राशन करावयाचे, आणि मग पाच प्राणांना पाच लहान घास द्यावयाचे. हे पाच घास चावावयाचे नसतात. दात न लावता गिळावयाचे असतात. मुंजीच्या दिवशी वडिलांनी ते मला शिकविले होते.

डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितले होते, दाताखाली आणू नका. बाकी रुग्णांना ते शिकवावे लागते. बबनरावांना तीन वेळा ठसका लागला. मला तो अभ्यास साठ वर्षांचा होता, आणि मी मूर्ख खल घेऊन बसलो होतो!

पाच घास झाले. मग कॅप्सूल घेतली. तिला मी सहावी आहुती म्हटले नाही. तसे म्हटले असते तर पुन्हा जुनीच लबाडी झाली असती. जे आहे ते आहे म्हणून, सर्वांदेखत, सहाव्या, म्हणजे जेवणाच्या खऱ्या पहिल्या घासाबरोबर गिळली. फक्त सर्व भूतमात्रांच्या नावे ठेवलेल्या शितापाशी बोट क्षणभर थांबले. अजूनही रोज थांबते. त्या मुक्या जीवाला देण्यासारखे माझ्यापाशी एवढेच आहे.

मी इंदिरेला म्हणालो, “तू आता माझ्या आधी नाही, मागून नाही, बरोबर बस.” तिने डबा उघडला. बबनराव पलीकडून ओरडले, “आजी, गुरुजींच्या पंगतीला आमाला बी बशिवणार का? आमचं बी आता सोवळं खाणं हाय!” सिस्टरांनी त्यांना गप्प केले.

पुढचे

दुसऱ्या आठवड्यात पायांची सूज उतरली. तोंडाचे फोड गेले. तिसऱ्या आठवड्यात सकाळी पाठ म्हणून पाहिला. आवाज बारीक होता, पण प्रत्येक अक्षर आपापल्या स्थानी लागले. हा आनंद ज्याला झाला त्यालाच कळेल. मी पुढे म्हणेना, तेच चार चरण पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, तेव्हा इंदिरा आतून म्हणाली, “अडकलात का?” अडकलो नव्हतो.

गावी परतल्यावर एक गोष्ट केली. ज्या यजमानांकडे मी श्राद्धाच्या पानावर बसत असे त्यांना जाऊन सांगितले की यापुढे मला पानावर बसवू नये, कारण असे. मंत्र सांगेन, जेवावयास दुसरा ब्राह्मण पाहावा. एका घरी त्यानंतर बोलावणे येईनासे झाले; त्यांचा राग नाही. दुसऱ्या घरच्या वहिनी मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही चार महिने तेच चाटत होतात. मधे आमच्या सासूबाईंचं श्राद्ध झालं. त्या उपाशी राहिल्या असत्या तर स्वप्नात येऊन मला सोडलं असतं का?” तरी मी पानावर बसत नाही.

आमच्या स्वयंपाकघरात काही बदललेले नाही. मांस तेव्हाही वर्ज्य होते, आताही आहे. मी कोणास खा म्हणत नाही आणि कोणास खाऊ नका असेही आता तितक्या मोठ्याने म्हणत नाही. बबनराव आठवड्याला फोन करतात; दुधीची भाजी खाऊन आपण साधू झालो अशी त्यांची तक्रार असते. दारू सुटली आहे. मटणाविषयी विचारले की “रेंज न्हाई” म्हणून फोन ठेवतात.

डॉक्टरीणबाई माझा क्रमांक आता इतर रुग्णांना देतात. परवा राहुरीकडून एका बाईंचा फोन आला. त्यांचे पती माळकरी, दुखणे हेच. आवाज दबका होता. बहुधा दुसऱ्या खोलीत जाऊन बोलत होत्या. म्हणाल्या, “गुरुजी, त्यात काही प्राण्याचं नसतं ना? तुम्ही एवढं नाही म्हणून सांगा, म्हणजे मी त्यांना तसं सांगते. तुमच्या शब्दावर घेतील ते.”

पूर्वीचा मी असतो तर गप्प बसलो असतो. म्हणालो, “ताई, असते. डुकराचे असते. मी घेतो, रोज घेतो, आणि म्हणून तुमच्याशी बोलायला जिवंत आहे. फोन त्यांच्याकडे द्या.”

मग पावले वाजली, दार वाजले, आणि एका थकलेल्या पुरुषाचा आवाज आला, “बोला, गुरुजी.”

आम्ही तासभर बोललो. त्यांनी काय ठरविले ते त्यांचे आहे.

वाचकहो, आपल्या घरी शिजेल ते सर्वांच्या अंगी लागो. आपल्या पंक्तीत कोणी कोणाची वाट पाहत उपाशी न राहो. प्रसंग येईल तेव्हा खरे विचारण्याचे धैर्य आजाऱ्यास मिळो आणि खरे सांगण्याचे धैर्य त्याच्या माणसांस. आपली मुलेबाळे, लेकीसुना, दारची गुरेढोरे, सर्वांना परमेश्वर निरामय आयुष्य देवो. इति शुभं भवतु.